पुसायचं की ठेवायचं

सुजाता,

काल दुपारी आपल्या डेटाबेसमधलं तुझं खातं काढून टाकायला बसले. निघालं नाही. डेटाबेसने सरळ नकार दिला. या खात्याच्या मालकीची माहितीची टेबलं अजून आहेत, आधी त्यांची व्यवस्था लावा, असं त्याचं म्हणणं. हे होणार हे मला माहीत होतं. दुसऱ्या कोणाचं खातं असतं तर आधी मालकी बदलली असती आणि मग खातं काढलं असतं. तरी मी थेट काढायची आज्ञा दिली. का दिली ते नीट सांगता येणार नाही. नकार वाचून थोडं बरं वाटलं, एवढं खरं.

लोक अजून ऑफिसात भेटायला येतात. खुर्चीवर बसतात, तुझ्या टेबलाकडे बघतात, आणि म्हणतात, ‘एवढा आजार असून किती लढली.’ मी मान हलवते. हा शब्द तुला चालला नसता हे मला ठाऊक आहे. तू लढत नव्हतीस, कामाला येत होतीस. दुखलं की घरी जायचीस, थांबलं की परत यायचीस. तुझ्याबद्दल बोलताना आधी आजार आणि मग काम, असा क्रम लागू नये म्हणून तू आयुष्यभर जपलंस. आता तो क्रम लोक लावत आहेत आणि मी समोर बसून चहा मागवते.

म्हणून मी माझ्या क्रमाने लिहिते.

आपली भेट शहराबाहेरच्या वाडीतल्या ट्रान्सपोर्ट कंपनीत झाली. मी तिथे बिलिंगचं सॉफ्टवेअर सांभाळायची, तू डेटाबेस सांभाळायला आलीस. सर्व्हर म्हणजे वजनकाट्याच्या ऑफिसला लागून असलेल्या कोंदट खोलीतलं एक यंत्र. बाहेर ट्रकांची रांग, आत त्या यंत्राचा सुं सुं आवाज. मे महिन्यात एसीने मान टाकली की मालक तिथे कूलर लावायला सांगायचे. तू आलीस त्या आठवड्यातच एसी बंद पडला, कूलर आला, आणि तू तो बंद करून खोलीचं दार सताड उघडलंस.

‘काहून बंद केला?’ मालकांनी विचारलं.

‘साहेब, हा पाणी फेकून राहिला त्याच्यावर. गरमीनं ते हळूहळू मरेल. पाण्यानं आत्ताच मरेल.’

मालक हसले नाहीत, पण एसीचा माणूस त्याच दिवशी आला.

पुढे त्यांनीच त्या यंत्राला कंटाळून सगळं क्लाउडवर न्यायचं ठरवलं. नेलंस तू. मी फक्त इकडचे आणि तिकडचे आकडे जुळतात का ते बघत होते. सगळं हलल्यावर मालक त्या रिकाम्या खोलीत येऊन उभे राहिले. भिंतीवर यंत्राच्या आकाराचा धुळीचा चौकोन उरला होता.

‘आता माझा डेटा आहे कुठं?’

‘मुंबईकडं हाये साहेब. एका इमारतीत. दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत.’

‘जाऊन पाहता येईल?’

‘नाही. ते पत्ताही सांगत नाहीत.’

‘मग तो माझा कसा काय?’

तू बाहेरच्या गोदामांकडे बघितलंस. ‘तुमचं हे गोदाम भाड्याचं आहे न? भिंती, छप्पर, वॉचमन घरमालकाचे. माल तुमचा आणि कुलूपही तुमचं. तुम्ही कुलूप उघडं टाकून गेले तं गोदामवाल्याले बोलता येते का?’

‘नाही.’

‘मंग, तसंच.’

नंतर मी कितीतरी नव्या पोरापोरींना क्लाउड शिकवलं. आकृत्या काढल्या. कोणती जबाबदारी भाड्याने देणाऱ्याची आणि कोणती आपली, हे रंगीत चौकोनांत दाखवलं. चेहरे कोरेच राहिले की शेवटी तुझं गोदाम सांगायची. त्यानंतर कोणी पुन्हा विचारत नसे. हे तुला कधी सांगितलं नाही. तुला वाटायचं मी आकृत्यांवरच भागवते.

वाडीची नोकरी सोडून आपण दोघींनी स्वतःच्या ऑफिससाठी जरीपटका भागात कपड्याच्या दुकानावर खोली घेतली, तेव्हा तुझ्या आजाराचं मला काही माहीत नव्हतं. वर्षातून काही वेळा तू न सांगता गायब व्हायचीस, परत आलीस की डोळे पिवळट दिसायचे. मी विचारलं नाही. मग एका दुपारी तू ऑफिसातच पोटरी धरून खाली बसलीस. मी घाबरून डॉक्टरांना फोन लावायला लागले.

‘फोन ठेव वं. पाणी दे गरम. हाडात दुखते.’

‘काय झालंय?’

‘सिकलसेल आहे मले. जन्मापासून.’

आपल्या भागात हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, आणि जिथे अडकतात तिथे माणूस कळवळतो. मी तुझ्या पायाला गरम पाण्याची पिशवी लावून बसले. खाली दुकानात साड्यांचा भाव चालला होता. कळ ओसरल्यावर तू म्हणालीस, ‘कोणाले सांगू नको.’ आणि मग कारणही सांगितलंस. कॉलेजात तपासणीचं शिबिर झालं होतं. पुढे तुझं लग्न जवळजवळ ठरलं असताना शिबिरातल्याच कोणीतरी मुलाकडच्यांना ते सांगितलं. मुलाकडच्यांनी कारण न देता नकार कळवला. कारण तुला दुसरीकडून कळलं.

‘त्याचं सोड,’ तू म्हणालीस. ‘पोरगा तसाही बावळट होता. पण माहं रक्त तपासलं ते माह्यासाठी तपासलं न? मंग ते दुसऱ्याच्या तोंडात कसं गेलं?’

रक्तपेढीचं काम तू मागून आणलंस. मला वाटलं होतं, तू तिथे स्वतः रक्त घ्यायला जातेस म्हणून तुला ते नको असेल. तू उलट ‘म्हणूनच पायजे’ म्हणालीस. पहिल्याच बैठकीत तू त्यांच्या फॉर्मवर बोट ठेवलंस. रुग्णाच्या नोंदीत जातीचा रकाना होता.

‘मॅडम, हे रक्ताले कायले लागते?’

तिथल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, ‘जुन्या फॉर्ममध्ये होतं, तसंच आलं.’

‘मंग जाऊ द्या त्याले.’

त्या दिवशी रकाना गेला. परत येताना ऑटोत तू म्हणालीस, ‘तुह्या आईनं मले पहिल्यांदा काय विचारलं होतं आठवते?’ मला आठवत होतं. महाल भागातल्या आमच्या घरी तू पहिल्यांदा आलीस तेव्हा आईने तुझं आडनाव विचारलं होतं. तू सांगितलंस. मग आईने साखर किती घालू ते विचारलं. ‘तुही आई चांगली आहे,’ तू म्हणालीस, ‘पण आधी आडनाव, मंग साखर.’ पुढच्या वेळी आमच्या घरी आलीस तेव्हा स्वतःच ओट्यापाशी जाऊन चहा टाकलास.

आता ती रक्तगटाची दुपार. ती लिहिल्याशिवाय तुझ्याबद्दल काही लिहिलं असं म्हणता येणार नाही.

जेवणं होऊन थोडा वेळ झाला होता. रक्तपेढीच्या ऑपरेटरचा फोन आला. आवाज कापत होता. ‘मॅडम, सगळेच्या सगळे ओ निगेटिव्ह दिसून राहिले.’

एका रक्तदात्याचा गट चुकीचा नोंदला गेला होता. तो दुरुस्त करताना स्क्रीन अडकली म्हणून त्याने थेट टेबलात आज्ञा लिहिली. गट ओ निगेटिव्ह करा. कोणाचा, ते लिहायचं राहून गेलं. डेटाबेसला शंका विचारायची सवय नसते. क्षणात सगळ्या रक्तदात्यांचा गट एकच झाला. मला आधी हसू आलं. मग तो पुढे म्हणाला, ‘इथं एक माणूस उभा आहे. बायकोची डिलिव्हरी आहे. निगेटिव्ह पायजे. आमच्याकडं पिशवी नाही, डोनरले फोन करायचा होता.’

निगेटिव्ह रक्ताचे दाते थोडे असतात. त्या दुपारी स्क्रीनवर मात्र ज्याच्या नावावर बोट ठेवावं तो निगेटिव्ह होता.

तू फोन माझ्या हातातून घेतलास. ‘ऐक गा. रडू नको. स्क्रीनवरचा गट वाचून कोणालेच फोन करायचा नाही. पिशवीवरचं लेबल खरं, जुळवणी नेहमीसारखी करायची. नवीन नोंदी चालू ठेव, थांबवू नको. त्या माणसाले बसव. पाणी दे.’

मी म्हटलं, ‘आपल्याकडे दुसरी प्रत आहे ना चालू? तिच्यावरून घेऊ.’

‘तो आरसा आहे वं. इकडं तोंडाले काजळ लागलं तं तिकडंही काजळच दिसेल.’

मी उघडून बघितलं. तिथेही सगळे ओ निगेटिव्ह. इकडे लिहिलेलं पापणी लवायच्या आत तिकडे पोचतं. यंत्र बंद पडलं तर अशी प्रत वाचवते. माणसाच्या चुकीपासून नाही. मी हे वाचलेलं होतं आणि तरी तीच प्रत आधी आठवली.

उपाय तू आधीच सुरू केला होतास. क्लाउडवाले रोजची प्रत ठेवतात आणि त्यानंतरचा प्रत्येक बदलही जपतात. त्यामुळे चुकीच्या आधीच्या मिनिटाला होता तसा डेटाबेस उभा करता येतो. पण तो जुन्याच्या जागी उभा राहत नाही, शेजारी नवा तयार होतो, आणि तयार व्हायला वेळ घेतो. स्क्रीनवर ‘तयार होत आहे’ एवढंच दिसत होतं. तोवर करण्यासारखं काही नव्हतं.

‘झाला की सगळं त्याच्यावरच वळवू,’ मी म्हटलं. ‘सुटेल एकदाचं.’

‘आणि चुकीनंतर आलेल्या नोंदी? आत्ता मी त्याले नोंदी चालू ठेव म्हटलं. आज दुपारून ज्यांनी रक्त दिलं ते कुठं जातील?’

‘त्या पुन्हा भरून घेऊ.’

‘कोण भरीन? तो पोरगा? आत्ता?’ तू मान हलवलीस. ‘सगळं नाही आणायचं. फक्त गटाचा रकाना आणायचा. बाकीच्याले हात नाही लावायचा.’

मी म्हटलं, यात वेळ जाईल. तू म्हणालीस, जाऊ दे. मी म्हटलं, तिकडे माणूस उभा आहे. तेव्हा तू माझ्याकडे वळलीस. आवाज चढला नव्हता.

‘मंजू, मले ही वाट पाहणं माहीत आहे. मी पलंगावरून पाहिली आहे. पिशवी उशिरा आली तं चालते एकदा. चुकीची नाही चालत.’

नवा डेटाबेस उभा राहिला. आधी तू त्यातून फक्त निगेटिव्ह दात्यांची नावं काढून ऑपरेटरला फोनवर वाचून दाखवलीस, म्हणजे तो माणूस खोळंबायला नको. मग रकाना परत आणायचं काम हातात घेतलंस. दुपारभर नोंदलेल्या नव्या दात्यांना वगळलंस, ज्या दात्याची दुरुस्ती खरंच करायची होती त्याचा गट हाताने बदललास, आणि मला मोजायला बसवलंस. सगळं जुळलं. संध्याकाळी ऑपरेटरचा फोन आला. एक दाता येऊन रक्त देऊन गेला होता, पिशवी रवाना झाली होती. बाईचं पुढे काय झालं ते आपल्याला कधी कळलं नाही. तू विचारायला नको म्हणालीस. ‘ते आपल्याले लागत नाही.’

ऑपरेटरला मात्र तू एवढंच म्हणालीस, ‘तुही चूक नाही गा. ही चाबी तुह्या हातात द्यायलेच नव्हती पायजे.’ थेट लिहायची ती परवानगी आधीच्या कंत्राटदाराने देऊन ठेवलेली होती. तू ती त्याच दिवशी काढलीस. तेव्हापासून आपल्याकडे दर महिन्याला तालीम व्हायची. कुठलाही एक डेटाबेस घ्यायचा, जुन्या वेळेला उभा करायचा, मोजायचा, आणि मग मोडायचा. कोणी ‘बॅकअप आहे’ म्हटलं की तू म्हणायचीस, ‘परत आणून दाखव.’

आपला मोठा वाद यानंतरचा. तो संपला नाही, म्हणून तोही लिहिते.

डॉक्टर मॅडमनी विचारलं होतं, जुन्या रुग्णांची माहिती किती वर्षं ठेवायची. कायद्याने ठरलेली मुदत होती. तिच्या पुढचं आपण सुचवायचं होतं. तू म्हणालीस, मुदत संपली की पुसायची. नाव, पत्ता, फोन, तपासण्या, सगळं. मी म्हटलं, ठेवायची. जागा भरपूर आहे, कुलूप पक्कं आहे. उद्या डॉक्टरला लागली तर?

‘आणि उद्या दुसऱ्या कोणाले लागली तं?’ तू म्हणालीस. ‘जे आहे ते कधी ना कधी बाहेर जाते. जे नाही ते जात नाही.’

‘तुझ्यासारख्या रुग्णाला आधीच्या रक्ताचा इतिहास लागतो, सुजाता. कोणतं रक्त चाललं, कोणतं बाधलं.’

‘तो इतिहास माहा आहे. मी ठेवीन. रक्तपेढीनं काहून ठेवायचा जन्मभर?’

‘लोकांकडे राहतात का कागद?’

‘नाही राहिले तं त्याचं नुकसान. पण ते त्याचं त्यानं केलेलं.’

हे आपण ऑटोत बोललो, जेवताना बोललो, तू दवाखान्यात सलाईन लावून पडलेली असताना बोललो. डॉक्टर मॅडमनी मुदत वाढवली आणि तुझं पुसणं मान्य केलं. दर महिन्याला आपोआप चालणारं काम तू लिहिलंस. ज्यांची मुदत भरली त्यांची नोंद जाते. मी ते तपासून दिलं. चूक नव्हती. पटलं नाही म्हणून सही अडवून ठेवावी असं मला वाटलं नाही.

या वेळी तुला दवाखान्यात नेलं तेव्हा दोघींनाही नेहमीचंच वाटलं होतं. लॅपटॉप तू सोबत घेतला होतास. दुसऱ्या दिवशी दुखणं छातीत चढलं, श्वास अपुरा पडायला लागला. रक्त द्यायचं ठरलं आणि जुळेना. इतक्या वेळा दुसऱ्यांचं रक्त घेऊन तुझ्या शरीराने त्याच्याविरुद्ध तयारी करून ठेवली होती. डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी तुझ्या आईला विचारलं, ‘लहानपणी हिला रक्त कुठं दिलं होतं? तेव्हा काही त्रास झाला होता का? तिथली नोंद मिळेल?’

आईला तिथला फक्त जिना आठवत होता. हिरवा रंग दिलेला जिना, आणि तू रडत होतीस. तुझा धाकटा भाऊ मिलिंद तेव्हा जन्मलेलाही नव्हता. तरी तो मोटरसायकलवर निघाला, शोधून आला. ती जुनी रक्तपेढी कधीच बंद झालेली. जुन्या नोंदी मुदत संपल्यावर नियमाप्रमाणे नष्ट केलेल्या.

नियमाप्रमाणे. मिलिंदने हे सांगितलं तेव्हा मी तुझ्या पलंगाशेजारी होते. नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, पण तुला ऐकू गेलं. तू माझ्याकडे बघितलंस. मास्क थोडा बाजूला केलास.

‘बोलून टाक वं.’

‘काय?’

‘माहीत आहे तुले.’

‘बरी हो आधी. मग भांडू.’

तू हसलीस की खोकलीस, मला कळलं नाही. नर्सने मास्क पुन्हा नीट बसवला. आपलं शेवटचं बोलणं तेच.

रक्त शेवटी जुळलं, दिलंही. पण फुफ्फुसांनी तोवर हात टेकले होते. सकाळी, डॉक्टरांची फेरी सुरू व्हायच्या आधी, तू गेलीस. मी नंतर डॉक्टरांना एकटीने गाठून विचारलं. ती नोंद असती तर? ते म्हणाले, जुळवणी लवकर झाली असती, पण ती वाचली असती असं मी म्हणणार नाही. नाही असंही म्हणणार नाही. मी त्यांचे आभार मानले. म्हणजे मुद्दा माझा खरा ठरला का, तेही मला माहीत नाही. आणि ठरला असेल तर तो ज्या एका माणसापुढे मांडायचा होता ते माणूस आत चादरीखाली होतं.

घाटावर भन्तेजींनी त्रिशरण म्हटलं. तुझ्या मावश्या, कॉलनीतली माणसं, रक्तपेढीच्या डॉक्टर मॅडम, तो ऑपरेटरही होता. माझी आई आली होती. नंतर तुमच्या घरी तुझ्या आईशेजारी जमिनीवर बसली आणि आम्ही निघेपर्यंत तिचा हात हातात धरून राहिली. घरी आल्यावर म्हणाली, ‘चांगली मुलगी होती.’ मी हो म्हटलं. एवढंच.

ऑफिस चालू राहिलं. हे तुला सांगायला हवं. तू गेलीस त्या दिवशीही एकही डेटाबेस बंद पडला नाही. प्रती वेळेवर झाल्या, बदल नोंदले गेले, महिन्याची तालीम मी एकटीने केली, आकडे जुळले. तुला हेच हवं होतं. आपण नसलो तरी काम अडू नये अशीच रचना करायची, हे तू पहिल्या दिवसापासून सांगत होतीस. तरी त्या आठवड्यात मी रोज सकाळी स्क्रीन उघडून कुठेतरी लाल खूण दिसते का ते बघत होते. सगळं हिरवं असायचं. चिडचिड व्हायची.

आज मिलिंद आला. कळमेश्वरच्या कारखान्यातली पाळी संपवून तसाच आला होता. तुझा डबा, शाल, चार्जर न्यायचे होते. मी तुझ्या नावावरची टेबलं दुसरीकडे वळवत होते. तो मागे उभा राहून बघत होता.

‘ताई, हे काय करून राहिल्या?’

मी सांगितलं. टेबलांची मालकी माणसाच्या नावावर ठेवायची नाही, एका सामाईक खात्यावर ठेवायची, माणूस बदललं तरी घोळ होत नाही. हा नियम तुझाच.

‘मंग तिच्या नावावर कशी राहिली?’

‘सुरुवातीची आहेत. तेव्हा नियम नव्हता. नंतर बदलायची राहिली.’

‘म्हणजे सगळ्यायले नियम आणि स्वतःचं बाकी,’ मिलिंद म्हणाला आणि हसला. तू गेल्यावर तो पहिल्यांदा हसला असावा. मीही हसले. मग त्याने विचारलं, ‘आता तिचं नाव कुठंच नाही राहणार का?’

‘बदलांच्या नोंदीत राहील. कोणत्या दिवशी काय बदललं, कोणी बदललं, त्यात.’

‘ते कोणी वाचते?’

‘काही बिघडलं तर.’

त्याने मान हलवली. मी मालकी वळवली आणि खातं काढायची आज्ञा पुन्हा दिली. या वेळी नकार आला नाही. झालं, असं एका शब्दात उत्तर आलं. मिलिंदने डबा आणि शाल पिशवीत भरली. चार्जर विसरून गेला.

आता एक गोष्ट उरली. रक्तपेढीच्या डेटाबेसात रुग्ण म्हणून तुझी नोंद आहे. मी ती उघडलेली नाही. उघडायची परवानगी मला आहे, कारण नाही. काही वर्षांनी तिची मुदत भरेल आणि तू लिहिलेलं काम तुझी नोंद पुसेल. त्या कामात एक अट घालून मी तिला वगळू शकते. कोणाला कळणार नाही, कोणाचं बिघडणारही नाही.

ती अट मी घालणार नाही. तुझं मला पटलं म्हणून नाही. दवाखान्यातल्या त्या दिवसानंतर तर आणखीच नाही पटत. नव्या मुदतीबद्दल डॉक्टर मॅडमशी बोलायचं मी ठरवलंय. रुग्णाला विचारा, तो म्हणेल तर इतिहास ठेवा, नको म्हणेल तर पुसा, असं काहीतरी सुचवणार आहे. तू यातही खोट काढली असतीस. काय काढली असतीस तेही मला थोडंफार सुचतं, आणि त्याला उत्तर सापडत नाही. पण तुझ्या नोंदीपुरतं, कोणी न विचारताच, तू सांगून ठेवलेलं आहेस. तुझी माहिती, तुझं म्हणणं.

फोनमधले तुझे आवाजी निरोप मात्र माझ्याकडे आहेत. बहुतेक कामाचे, थोडे भांडणाचे. शेवटचा दवाखान्यात जायच्या सकाळचा आहे. मागे कुकरची शिट्टी होते, तू थांबतेस, आणि म्हणतेस, ‘मंजू, मी येऊन राहिली वं, जरा उशीर होईल. तू जेवून घे.’

हा फोन माझा आहे, सुजाता. इथे तुझा नियम चालत नाही.